पर्यटकांची घरे, रहिवाशांचे भाडे: वाचकांचे प्रश्न

काही रात्रींपुरते घर भाड्याने देण्यावर जगातील अनेक शहरांनी मर्यादा घातल्या आहेत. त्या मर्यादांचा घरभाड्यावर, घरांच्या किमतींवर आणि रहिवाशांच्या जगण्यावर काय परिणाम होतो, यासंबंधी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांमध्ये ‘अल्पमुदतीचे भाडे’ हा शब्दप्रयोग साधारणपणे सलग तीस दिवसांपेक्षा कमी काळासाठी दिलेल्या घरासाठी केला आहे. निरनिराळ्या शहरांच्या कायद्यांत ही व्याख्या थोडीफार बदलते.

प्रश्न: पर्यटकांना दिली जाणारी घरे शहरातील एकूण घरांच्या जेमतेम एक टक्का असतात, असे वारंवार वाचायला मिळते. मग एवढ्याशा घरांमुळे सगळ्या शहराचे भाडे वाढते, हा आरोप अतिशयोक्त नाही का?

उत्तर: एक टक्का हा आकडा बहुधा खरा असतो, परंतु तो ज्या संख्येशी ताडून पाहिला जातो ती संख्या चुकीची असते. शहरातील बहुतेक घरांमध्ये लोक आधीपासून राहत असतात आणि ती घरे त्या महिन्यात बाजारात येतच नाहीत. नव्या भाडेकरूला किती भाडे द्यावे लागेल, हे त्या वेळी रिकाम्या आणि भाड्याने उपलब्ध असलेल्या मोजक्या घरांवर आणि ती शोधणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. त्यामुळे तुलना करायची असेल तर ती एकूण घरांशी न करता या उपलब्ध घरांशी केली पाहिजे.

न्यूयॉर्कचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्या शहरात सुमारे ३७ लाख घरे आहेत आणि २०२३ च्या उन्हाळ्यात, कडक नियम लागू होण्याच्या आधी, एअरबीएनबी या घरे भाड्याने देण्याच्या संकेतस्थळावर तेथील अल्पमुदतीच्या सुमारे २२ हजार जाहिराती होत्या. एकूण घरांशी तुलना केली तर हे प्रमाण एक टक्काही भरत नाही. मात्र त्याच वर्षीच्या शहराच्या अधिकृत पाहणीत भाड्याच्या घरांपैकी फक्त १.४ टक्के घरे रिकामी आणि उपलब्ध आढळली, म्हणजे साधारण ३३ हजार. या ३३ हजारांसमोर २२ हजार ठेवून पाहिले म्हणजे तोच आकडा किती मोठा आहे, हे लक्षात येते. या सगळ्या जाहिराती संपूर्ण घरांच्या नव्हत्या, काही एकेका खोलीच्या होत्या, ही दुरुस्ती येथे केलीच पाहिजे. ती केल्यानंतरही, ज्या शहरात घर शोधणाऱ्याला शंभरातून जेमतेम दीड घर मोकळे सापडते, तेथे काही हजार घरे बाजारातून बाहेर जाणे ही किरकोळ गोष्ट ठरत नाही.

दुसरी बाब वस्त्यांची. पर्यटकांना दिली जाणारी घरे शहरभर सारखी पसरलेली नसतात. ती जुन्या गावठाणात, समुद्रकिनाऱ्याजवळ, मोठ्या स्थानकाभोवती दाटलेली असतात. बार्सिलोनातील भाड्यांचा चार अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एअरबीएनबीमुळे सरासरी वस्तीत भाडे १.९ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज होता. मात्र जेथे अशा घरांची सर्वाधिक दाटी होती त्या वरच्या एक दशांश वस्त्यांमध्ये ही वाढ ७ टक्के आणि घरांच्या विक्री किमतीतील वाढ १७ टक्के निघाली. सरासरी पाहणाऱ्याला प्रश्न लहान दिसतो, तर त्या वस्तीत राहणाऱ्याला तो घर सोडायला लावतो. माझ्या मते धोरण ठरवताना दुसऱ्या माणसाचा अनुभव अधिक वजनदार मानला पाहिजे, कारण नुकसान त्याच्याच वाट्याला येते.

त्याच वेळी अतिशयोक्तीचा आपला संशय पूर्णपणे निराधार नाही. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये पर्यटक-सदनिका बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा दहा वर्षांत भाडे ६८ टक्क्यांनी वाढल्याचा दाखला दिला होता. हा आकडा आणि वरच्या अभ्यासातील १.९ टक्के यांचे कालखंड वेगळे असले, तरी दोन्ही शेजारी ठेवले असता एवढे समजते की भाडेवाढीचा मोठा भाग इतर कारणांनी झाला आहे. नोकऱ्या आणि माणसे शहरात येत राहिली, घरे त्या गतीने बांधली गेली नाहीत आणि परवडणाऱ्या सार्वजनिक घरांचा साठा तुटपुंजा राहिला. अल्पमुदतीचे भाडे हे या टंचाईत पडलेली भर आहे. टंचाईचे मूळ म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या राजकारण्याला बांधकामाबद्दल पुढचा प्रश्न जरूर विचारावा.

प्रश्न: मी भाड्याने राहते. शहराने असे निर्बंध आणले तर माझे भाडे कमी होईल का?

उत्तर: आपले चालू भाडे कमी होण्याची शक्यता फार थोडी आहे. पुढच्या करारात होणारी वाढ मात्र काहीशी सौम्य राहू शकते आणि त्याच परिसरात दुसरे घर मिळण्याची शक्यता वाढू शकते. हे उत्तर निराशाजनक वाटेल याची मला जाणीव आहे, परंतु आजवरचा पुरावा याहून मोठे आश्वासन देऊ देत नाही.

या विषयावरील भक्कम पुराव्यांपैकी एक लॉस एंजेलिस परगण्यातून आलेला आहे. त्या परगण्यात ८८ स्वतंत्र नगरे आहेत आणि त्यांपैकी १८ नगरांनी निरनिराळ्या वेळी कडक नियम केले. त्यामुळे संशोधकांना नगरांच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरे ताडून पाहता आली. रस्ता, हवामान, नोकऱ्या सारख्याच आणि फरक फक्त नियमाचा, अशी परिस्थिती अभ्यासकांना क्वचितच मिळते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार नियमांमुळे जाहिराती निम्म्याने घटल्या, तर घरांच्या किमती आणि भाडी सुमारे २ टक्क्यांनी उतरली. हे दोन टक्के म्हणजे ‘नियम नसता तर जे भाडे असते’ त्याच्या तुलनेतील घट आहे. बाजार एकंदरीत चढता असेल तर भाडेकरूच्या हातातील पावतीवर घट दिसणार नाही, वाढ थोडी कमी झालेली असेल.

न्यूयॉर्कमध्ये झालेल्या निराशेमागे हेच कारण आहे. तेथील ‘स्थानिक कायदा १८’ ची अंमलबजावणी ५ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीस दिवसांपेक्षा कमी काळासाठी घर द्यायचे असेल तर यजमानाने स्वतः त्या घरात हजर असले पाहिजे, पैसे देणारे पाहुणे दोनपेक्षा अधिक असू नयेत आणि यजमानाची शहराकडे नोंदणी झालेली असावी, अशा अटी आहेत. नोंदणी नसलेल्या घराचा व्यवहार संकेतस्थळाने करायचा नाही, असेही बंधन आहे. अल्पमुदतीच्या जाहिराती काही आठवड्यांत कोसळल्या. भाडी मात्र चढीच राहिली. त्यावरून ‘कायदा फसला’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला, आणि तो घाईचा आहे. सुमारे दीड टक्का रिकाम्या घरांवर चालणाऱ्या शहरात काही हजार घरे परत आली तर मागणी ती लगेच गिळून टाकते. कायदा नसता तर भाडे किती झाले असते, हा प्रश्न त्या निष्कर्षात विचारलेलाच नसतो. परंतु ज्यांनी हा कायदा भाडे उतरवणारा म्हणून लोकांपुढे मांडला, त्यांनीही लोकांची चुकीची अपेक्षा वाढवली, हे तितकेच खरे आहे.

भाड्याच्या आकड्यात न दिसणारा एक लाभ येथे नमूद करतो. घराची कमाई रात्रीच्या हिशेबाने अधिक होते असे दिसले, की मालकाला जुना करार न वाढवण्याचे कारण मिळते. आपल्यासारख्या भाडेकरूला भाडेवाढीपेक्षा या अनिश्चिततेचा त्रास कधी कधी अधिक असतो, कारण घराबरोबर मुलांची शाळा, कामाचे ठिकाण आणि शेजार सुटतो. प्रभावी निर्बंधांमुळे ते कारण काही अंशी नाहीसे होते.

प्रश्न: मी निवृत्त आहे. राहत्या घरातील एक खोली अधूनमधून पाहुण्यांना देतो आणि गावाला गेलो की संपूर्ण घर देतो. दहा-दहा सदनिका चालवणाऱ्या कंपनीसाठी केलेला नियम मलाही का लागू व्हावा?

उत्तर: तो सरसकट लागू होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि विचारपूर्वक केलेल्या बहुतेक नियमांत तसा भेद केलेलाही असतो. कसोटी एकच ठेवावी: या व्यवहारामुळे राहण्याजोगे एक घर बाजारातून बाहेर जाते का? आपल्या राहत्या घरातील खोली दिल्याने ते जात नाही. आपण दोन आठवडे परगावी असताना रिकामे राहणारे घर दिल्यानेही जात नाही. याउलट वर्षभर फक्त पाहुण्यांसाठी राखलेली सदनिका म्हणजे एका कुटुंबाला न मिळालेले घर असते.

म्हणूनच ‘मुख्य निवास’ ही संकल्पना अनेक कायद्यांच्या मध्यभागी आली आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मे २०२४ पासून आपल्या बहुतेक मोठ्या नगरांत अल्पमुदतीचे भाडे यजमानाच्या मुख्य निवासापुरते आणि त्याच आवारातील एका जोडघरापुरते मर्यादित केले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये यजमान घरात राहत असेल तर रात्रींवर बंधन नाही, तो घरात नसेल तर वर्षाला ९० रात्रींची मर्यादा आहे. पॅरिसमध्ये मुख्य निवास वर्षातून १२० रात्री देता येत असे. नोव्हेंबर २०२४ च्या फ्रेंच कायद्याने नगरांना ही मर्यादा ९० रात्रींपर्यंत खाली आणण्याची मुभा दिली आणि पॅरिसने २०२५ पासून ती वापरली. न्यूयॉर्कचा नियम आपल्यासारख्यांना अधिक जाचक आहे, कारण यजमान परगावी असताना घर देणेच तेथे निषिद्ध आहे. टंचाई कमी करण्याच्या दृष्टीने या टोकाच्या अटीचा फारसा उपयोग मला दिसत नाही. तपासणीची सोय एवढेच तिचे समर्थन होऊ शकते.

प्रश्न: कोठे ३० रात्री, कोठे ९०, कोठे १८० अशी मर्यादा दिसते. यांपैकी योग्य आकडा कोणता आणि तो कसा ठरवायचा?

उत्तर: हा आकडा मालकाच्या हिशेबावरून ठरवला पाहिजे. समजा, एखाद्या घराचा एका रात्रीचा दर त्याच घराच्या महिन्याच्या भाड्याच्या एक दशांश आहे. मग १२० रात्री भरल्या की वर्षभराच्या भाड्याइतकी रक्कम हाती येते. सफाई, चादरी, वीज, संकेतस्थळाचा हिस्सा आणि देखभाल करणाऱ्याचे पैसे वजा केले तर प्रत्यक्षात १५० ते १७० रात्री लागतील. अशा शहरात १८० रात्रींची मर्यादा घातली तर मालकाला घर पर्यटकांसाठीच ठेवणे फायद्याचे राहते, म्हणजे मर्यादा कागदावर असूनही घर परत येत नाही. ९० रात्रींची मर्यादा मात्र तो हिशेब मोडते. जेथे रात्रीचा दर महिन्याच्या भाड्याच्या एक पंचमांश इतका चढा आहे, तेथे ६० रात्रींतच वर्षाचे भाडे निघते आणि त्या ठिकाणी ९० रात्रीही सैल ठरतात. ॲमस्टरडॅमने आधी ६० रात्री ठरवल्या होत्या आणि २०१९ पासून त्या ३० वर आणल्या, त्यामागची दिशा या हिशेबाशी जुळणारी आहे.

मोजणी कोण करणार, हा यापुढचा आणि अधिक अवघड प्रश्न आहे. लंडनमध्ये २०१५ पासून ९० रात्रींची मर्यादा आहे, परंतु तिला सक्तीच्या नोंदणीची जोड दिली गेली नाही. एक संकेतस्थळ स्वतःपुरत्या ९० रात्री मोजून थांबते, तेव्हा तेच घर दुसऱ्या संकेतस्थळावर चालू राहते आणि दोन्हींची बेरीज कोणाच्याच हाती नसते. जपानने जून २०१८ पासून देशभर १८० दिवसांची मर्यादा आणली. ती सैल वाटली, तरी तिच्यासोबत नोंदणी क्रमांक सक्तीचा केला गेला आणि क्रमांक नसलेल्या जाहिराती हटवाव्या लागल्यामुळे एअरबीएनबीवरील सुमारे ८० टक्के जाहिराती एका झटक्यात उतरल्या. सॅन फ्रान्सिस्कोमध्येही नियम २०१५ पासून होता, पण जाहिराती निम्म्याने घटल्या त्या जानेवारी २०१८ मध्ये, जेव्हा नोंदणी नसलेली घरे संकेतस्थळांना काढून टाकावी लागली. मर्यादेचा आकडा आणि नोंदणीची सक्ती यांतून एकच निवडण्याची वेळ आली तर मी निःसंकोचपणे नोंदणी निवडेन.

प्रश्न: निर्बंध आल्यावर पर्यटकांची घरे रहिवाशांना मिळतात, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ती जातात कोठे?

उत्तर: या सदराकडे आलेल्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नियमाचे यश-अपयश बहुतांशी येथेच ठरते.

मालकापुढे चार-पाच वाटा असतात. वर्षभराच्या करारावर भाडेकरू ठेवणे ही त्यांपैकी एक. घर विकून टाकणे ही दुसरी. विकलेले घर रहिवाशाने घेतले तर भाड्याचे एक घर कमी होते, पण एक भाडेकरू कुटुंबही बाजारातून कमी होते, म्हणून त्यात तोटा नाही. मात्र दुसऱ्या शहरातील श्रीमंताने सुट्टीसाठी म्हणून ते घेतले, तर पूर्वी निदान पर्यटक राहत होते ते घर आता वर्षातील दहा महिने बंद राहते. तिसरी वाट लपून व्यवहार चालू ठेवण्याची. चौथी वाट सर्वांत प्रशस्त आहे: कायद्यात ‘अल्पमुदत’ म्हणजे जेवढे दिवस लिहिले असतील त्याहून थोड्या अधिक दिवसांसाठी घर देणे.

न्यूयॉर्कमध्ये मोठ्या संख्येने जाहिराती तीस रात्रींच्या किमान मुदतीवर सरकल्या. ती घरे बदलीवर आलेले नोकरदार, उपचारासाठी आलेली कुटुंबे किंवा फिरते व्यावसायिक घेतात. ही गरज खरी आहे आणि तिची हेटाळणी करू नये, पण त्या शहरात कायम राहू पाहणाऱ्या माणसाला ते घर मिळत नाही. बार्सिलोना ज्यात येते त्या स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात हाच प्रकार वेगळ्या दारातून झाला. २०२४ च्या मार्चमध्ये तेथील अनेक नगरांत कायमस्वरूपी भाड्यावर कमाल मर्यादा लागू झाली. अकरा महिन्यांपर्यंतचे ‘हंगामी’ करार त्या मर्यादेच्या बाहेर राहिल्याने मालक त्यांच्याकडे वळले. एका बाजूला पर्यटकांसाठी बंदी, दुसऱ्या बाजूला रहिवाशांसाठी भाडेमर्यादा आणि मधला पट्टा मोकळा, अशी रचना केली तर घरे त्या मधल्या पट्ट्यात गोळा होणे अटळ आहे. मालकांच्या लोभावर यासाठी चिडण्यात अर्थ नाही. नियम लिहिणाऱ्यांनी तिन्ही मुदतींचा एकत्र विचार करणे आवश्यक होते.

यावर उपाय आहेत. मध्यम मुदतीच्या कराराला नोकरी, शिक्षण किंवा उपचाराचे कारण दाखवण्याची अट घालता येते. वर्षभर बंद असलेल्या घरांवर कर बसवता येतो. व्हँकुव्हरने २०१७ पासून तसा कर लावला आहे. वर्षभराच्या करारावर घर देणाऱ्या मालकाला भाडे न मिळाल्यास वेळेत न्याय मिळेल, अशी यंत्रणाही उभारता येते. या शेवटच्या उपायाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. परंतु भाडेकरूशी वाद झाला तर वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतील, या भीतीमुळेही अनेक मालक पाहुण्यांचा पर्याय निवडतात. भाडेकरूंची बाजू घेणाऱ्यांनी, आणि मी त्यांच्यापैकीच एक आहे, मालकांची ही भीती गांभीर्याने घेतली पाहिजे.

प्रश्न: निर्बंधांमुळे नवीन बांधकामच कमी होते, असे विकासक सांगतात. त्यात तथ्य आहे का?

उत्तर: आहे. अमेरिकेतील नगरांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे दाखवतो की अल्पमुदतीच्या भाड्यावर नियमन आल्यानंतर निवासी बांधकामाच्या परवान्यांत सरासरी १० टक्के घट झाली. ही घट मूळ घराच्या आवारात बांधल्या जाणाऱ्या छोट्या जोडघरांमध्ये विशेष जाणवली. कारण समजण्याजोगे आहे. घर रात्रीच्या हिशेबाने देण्याची मुभा हाही घराच्या किमतीचा एक भाग असतो आणि तो काढून घेतला की बांधण्याचा उत्साह तेवढा उतरतो.

हा पुरावा सर्व ठिकाणी सारखा लागू करता येत नाही. जेथे मोकळी जमीन आहे आणि परवाने सहज मिळतात, तेथे बांधकामातील घट काही वर्षांत निर्बंधांचा लाभ पुसून टाकू शकते. जेथे जुने शहर आधीच दाट आहे आणि नवी इमारत उभी राहण्यास जागाच नाही, तेथे कमी होण्यासारखे बांधकाम फारसे नसते, आणि उपलब्ध घरे कोणाच्या उपयोगाला यावीत एवढाच प्रश्न उरतो. म्हणून एकाच शहरातही गावठाणात कडक नियम आणि विस्तारित भागात सौम्य नियम ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

प्रश्न: आम्ही कर्ज काढून एक सदनिका पाहुण्यांसाठी घेतली आहे. उद्या नियम आला तर तिची किंमत पडेल. हा आमच्यावर अन्याय नाही का?

उत्तर: किंमत काही प्रमाणात उतरू शकते. बार्सिलोनाच्या अभ्यासात भाड्यापेक्षा विक्री किमतीवरचा परिणाम मोठा दिसला होता, कारण खरेदीदार पुढील सगळ्या वर्षांच्या अपेक्षित कमाईचे मोल आज मोजतो. ती अपेक्षा बदलली की मोल बदलते. जेवढी किंमत पर्यटकांच्या कमाईच्या आशेवर चढलेली होती, तेवढी उतरणे हा त्या धोरणाचा हेतूच असतो, हे आपल्याला कटू वाटले तरी सांगणे भाग आहे. त्याच परिसरात पहिले घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला ती उतरण हवी असते.

तरीही वेळ आणि पूर्वसूचना मिळणे हा आपला रास्त हक्क आहे. बार्सिलोनाने १०,१०१ परवान्यांचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले, तेव्हा ते परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत चालू राहतील असेही सांगितले. या निर्णयाला आधार देणारा कॅटलान कायदा स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवला. युरोपीय न्यायालयाने तर सप्टेंबर २०२० मध्येच, पॅरिसच्या एका प्रकरणात, भाड्याच्या घरांची टंचाई दूर करणे हे अशा परवान्यांच्या सक्तीला पुरेसे सार्वजनिक कारण असल्याचे म्हटले होते.

अन्यायाचा अधिक वाईट प्रकार वेगळाच आहे आणि त्याबद्दल तक्रार कमी होते. काही शहरे नवे परवाने देणे थांबवतात, जुने मात्र कायमचे चालू ठेवतात. लिस्बनमध्ये २०१८ साली काही वस्त्यांत नव्या नोंदणीवर बंदी येणार असल्याची चाहूल लागताच नोंदणीसाठी झुंबड उडाली. ज्यांनी घाई केली त्यांच्याकडे स्पर्धेपासून सुरक्षित असा दुर्मीळ परवाना आला. पुढे २०२३ मध्ये पोर्तुगालने देशपातळीवर कडक कायदा केला आणि २०२४ मध्ये सरकार बदलताच त्यातील बरेचसे निर्बंध मागे घेतले गेले. अशा उलटसुलट निर्णयांनी कर्ज काढलेल्या मालकाचे आणि घर शोधणाऱ्या भाडेकरूचे सारखेच नुकसान होते.

प्रश्न: अशी घरे बंद झाली तर हॉटेलांनाच रान मोकळे मिळते. सामान्य पर्यटकाने कोठे राहावे?

उत्तर: हॉटेलांचे दर वाढतात, हे खरे आहे. न्यूयॉर्कमध्ये तसे घडले, आणि निर्बंधांना हॉटेल व्यवसायाचा पाठिंबा का असतो हे त्यातून कळते. पाठिंबा देणाऱ्याचा स्वार्थ आहे म्हणून धोरण वाईट ठरत नाही. मात्र मोठ्या कुटुंबाने किंवा रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांनी काय करावे, याचे उत्तर शहराने दिले पाहिजे. राहत्या घरातील खोल्यांना सुलभ परवाना देणे आणि स्वयंपाकघर असलेल्या निवासगृहांना व्यापारी भागात जागा देणे, हे दोन उपाय एकही राहते घर न गमावता करता येतात.

प्रश्न: आमच्या नगरपालिकेत असा नियम विचाराधीन आहे. एक-दोन वर्षांनी तो यशस्वी झाला की नाही, हे नागरिकांनी कसे तपासावे?

उत्तर: किती जाहिराती घटल्या, हा आकडा अधिकारी सर्वप्रथम पुढे करतील. त्याने समाधान मानू नये. जाहिरात काढली गेली म्हणजे घरात कुटुंब आले, असे नसते. जाहिरातीतून हटलेल्या घरांपैकी वर्षभराच्या किंवा त्याहून अधिक मुदतीच्या करारावर किती गेली, किती विकली गेली, किती मध्यम मुदतीवर सरकली आणि किती बंद आहेत, याची यादी मागावी. ती देता यायची असेल तर प्रत्येक घराला नोंदणी क्रमांक असायला हवा आणि तो क्रमांक भाडेकरार, मालमत्ता कर व वीजजोडणीच्या नोंदींशी जोडलेला हवा. ही मागणी नियम होण्याच्या आधीच केली पाहिजे, कारण आधीची मोजणी नसेल तर नंतरच्या आकड्यांना तुलनाच उरत नाही. संकेतस्थळांनी प्रत्येक घराच्या भरलेल्या रात्रींची माहिती शहराला नियमितपणे द्यावी, अशीही अट मसुद्यात आहे का ते पाहावे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याच हेतूने एक विनियम केला आणि त्याच्या अंमलासाठी मे २०२६ ही तारीख ठरवली. खासगीपणाच्या दृष्टीने पाहुण्यांची नावे या माहितीत असण्याची गरज नाही, घर आणि रात्री एवढे पुरते.

भाड्याची तुलना करताना संपूर्ण शहराची सरासरी न घेता, ज्या वस्त्यांत अशी घरे दाटलेली होती त्यांची तुलना तशाच पण अशी घरे नसलेल्या वस्त्यांशी करावी आणि नव्या करारांचे भाडे जुन्या करारांपासून वेगळे काढावे. मसुद्यावर हरकती मागवल्या असतील तर या मोजणीची जबाबदारी कोणत्या विभागाची, तिचा खर्च कोठून होणार आणि अहवाल कोणत्या महिन्यात प्रसिद्ध होणार, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.